बाळंतिणीला घरात मारहाण होत असेल तर आरोग्यसेविकेने काय करावं

गावात बाळंतिणीच्या खोलीपर्यंत कुणी न अडवता जाऊ शकणारी बाहेरची बाई म्हणजे सिस्टर. बाळाचं वजन करायचं असतं, टाके बघायचे असतात, लस द्यायची असते. त्यामुळे सासूही दार उघडते आणि नवराही. पोलिसांना, संस्थेच्या कार्यकर्तीला, अगदी माहेरच्या भावालाही असा प्रवेश मिळत नाही. म्हणून खालच्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तुमचं त्या घरात जाणं-येणं बंद पडता कामा नये. जिवावरचा धोका असेल ती वेळ सोडली, तर ज्याने ते दार बंद होईल असं काहीही करू नका.

बाई आपण होऊन सांगेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी, आणि तीही बहुतेक माहेरच्याच माणसांकडे. विचारावं लागतं.

हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असे चार प्रकार धरले आहेत. बाळंतिणीच्या बाबतीत ते असे दिसतात: मुलगी झाली म्हणून येता-जाता टोमणे, पोटभर जेवायला न देणं, टाके भरायच्या आत जबरदस्तीने संबंध, मोबाइल काढून घेणं, मातृवंदना योजनेचे पैसे खात्यात आले की नवऱ्याने पासबुक नेऊन काढून आणणं, आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी धमकी, 'तू जा, बाळ इथेच राहील.' यातलं काहीही चालू असेल तर कायद्याने तिला संरक्षण मागता येतं. सासू किंवा नणंद त्रास देत असेल तर त्यांच्याविरुद्धही.

माहेर आणि सासर

आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. विचारण्यासाठी यापेक्षा चांगला काळ नाही: नवरा लांब असतो, आई जवळ असते, आणि आशाताईच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या गृहभेटी चालूच असतात. त्यातल्या निदान दोन भेटींना तुम्ही स्वतः बरोबर जा. मारहाणीबद्दल थेट विचारण्याआधी हे विचारा: "सासरी कधी जायचंय? न्यायला कोण येणार? जायचं मनात आहे का?" शेवटच्या प्रश्नावर बाई गप्प झाली, बाळाकडे बघायला लागली किंवा आईने मध्येच उत्तर दिलं, तर पुन्हा एकटीला भेटायचं हे ठरवूनच उठा.

माहेरही नेहमी तिच्या बाजूचं असतं असं धरू नका. "आता पदरात मूल आहे, सांभाळून घे" म्हणणारी आईच असते पुष्कळदा. त्यामुळे आईसमोरही हा विषय काढायचा नाही.

खरी गळती होते ती सासरी परतताना. सव्वा महिन्याने किंवा तिसऱ्या महिन्यात बाई जाते, गृहभेटींचे कागद माहेरच्या उपकेंद्रात राहतात आणि सासरच्या गावात कुणालाच काही माहीत नसतं. तिची संमती असेल तरच, आणि फोनवर तोंडीच, सासरच्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला सांगा. आशाताईला सांगायची घाई करू नका. ती त्याच गावची सून असते, कधी त्याच भावकीतली. तिला त्या घरांशी रोजचे संबंध ठेवायचे असतात. तिच्यावर हे ओझं टाकणं तिच्यासाठीही धोक्याचं आहे. बाळंतिणीला विचारा, "तिकडच्या कुणाला सांगितलेलं चालेल?" नाव तिने घेतलं तरच पुढे जा.

एकटीला गाठायचं कसं

दोघी जा आणि काम वाटून घ्या. आशाताईने सासूला घेऊन ओसरीवर बाळाचं वजन करायचं, काटा हळूहळू लावायचा, स्तनपानाबद्दल सासूशी बोलायचं. तेवढ्यात तुम्ही आत: "टाके आणि स्तन तपासायचेत, जरा दार लावून घेते." या कारणावर कुणीही हरकत घेत नाही.

दुसरी संधी लसीकरणाची: दीड, अडीच आणि साडेतीन महिने. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवायचंच असतं. त्या अर्ध्या तासात आईला "तुझं हिमोग्लोबिन बघू" म्हणून आतल्या खोलीत घ्या. बरोबर आलेला माणूस आतच यायला बघत असेल तर लघवी तपासायची बाटली द्या आणि तुम्हीही तिच्याबरोबर जा.

दोन वर्षांवरचं मूल खोलीत असेल तर विचारू नका. ते घरी जाऊन बोलतं. गोरमाटी, भिली किंवा कोरकू बोलणाऱ्या बाईशी बोलताना घरातली बाई दुभाषी म्हणून घेऊ नका. एकांत मिळालाच नाही तर त्या दिवशी विषय सोडून द्या. एक भेट वाया गेली तर चालते. भिंतीपलीकडून कुणी ऐकलं तर रात्री तिला त्याची किंमत मोजावी लागते.

काय बघायचं

दंडावर बोटांचे ठसे, स्तनांवर किंवा पोटावर काळं-निळं, सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी जखम. टाके उसवलेले किंवा पुन्हा पुन्हा पिकणारे, याचं कारण जबरदस्तीचा संबंध असू शकतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात; त्यांची पाकिटं तशीच पडलेली दिसली तर आळस म्हणून सोडू नका, घेऊ देतात का ते विचारा. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नवराच देतो. ठरलेल्या दिवशी गेलं की "ती झोपलीये" असं सांगतात. दूध कमी, बाळाचं वजन वाढत नाही, झोप नाही, डोकं सतत दुखतं. यातल्या एकाच खुणेवरून निष्कर्ष काढायचा नाही, पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर विचारायलाच हवं.

विचारायचं कसं

"तुझा छळ होतो का?" असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं, कारण बऱ्याच बायका दोन थोबाडीत बसण्याला छळ म्हणत नाहीत. आधी विषय सगळ्यांचा करा, मग नेमका प्रश्न विचारा:

"बाळ झाल्यावर बऱ्याच घरांत भांडणं वाढतात. म्हणून मी सगळ्याच बाळंतिणींना विचारते. घरात तुला कुणाची भीती वाटते का?"

"तुला कुणी मारलं, ढकललं, गळा धरला, असं कधी झालंय?"

"टाके ओले असताना, तुझी इच्छा नसताना जवळ आला का?"

"जेवायला, दवाखान्यात यायला, माहेरी फोन करायला कुणी अडवतं का?"

विचारून झाल्यावर गप्प बसा. हे सगळ्यात अवघड जातं. ती 'नाही' म्हणाली आणि खुणा मात्र दिसत असतील, तर उलटतपासणी घेऊ नका. "बरं. कधी काही झालं तर मला सांगता येईल, एवढं लक्षात ठेव," इतकं पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बोलणाऱ्या बायका खूप असतात.

ती बोलली तर आधी ऐकून घ्या, फॉर्म काढू नका. तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगा: तू सांगितलंस ते बरं केलंस, माझा यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही. "तू काय केलं होतंस?", "दारू सोडवली की सुधारेल", "सोडून दे त्याला" यातलं काहीही बोलू नका. शेवटचं वाक्य चांगल्या मनाने बोललं जातं आणि तेच जास्त नडतं. बाई जेव्हा निघून जायचं ठरवते किंवा निघते, तेव्हा हिंसा सगळ्यात जास्त उसळते. कुठे राहायचं, पैसे कुठले, बाळ कसं न्यायचं याची सोय नसताना तो सल्ला देणं म्हणजे तिला उघड्यावर टाकणं.

आजच्या रात्रीचा धोका

ती बोलली की त्याच भेटीत हे सहा प्रश्न विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात हीच विचारणा आहे:

१. गेल्या सहा महिन्यांत मार वाढलाय का, किंवा आधीपेक्षा जोराचा झालाय का?
२. कधी हत्यार काढलं किंवा त्याची धमकी दिली?
३. कधी गळा आवळला?
४. पोटात बाळ असताना मारलं?
५. सतत, भयंकर संशय घेतो का?
६. तो तुला जिवे मारेल असं वाटतं का?

तीन किंवा जास्त 'हो' आले तर धोका जवळचा समजा. मग आजची रात्र ती कुठे काढणार, हे ठरल्याशिवाय उठू नका.

गळा आवळल्याचं उत्तर 'हो' आलं की बाकी सगळं बाजूला ठेवा. गळ्यावर एकही वळ नसला तरी आतल्या रक्तवाहिन्यांना आणि श्वासनलिकेला इजा झालेली असू शकते, आणि त्रास काही तासांनी किंवा काही दिवसांनीही सुरू होतो. आवाज घोगरा झालाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापण्यांच्या आत लाल ठिपके आहेत का, शुद्ध गेली होती का, त्या वेळी कपड्यातच लघवी झाली होती का, हे विचारा आणि बघा. घटना नुकतीच असेल किंवा यातलं एकही लक्षण असेल, तर त्याच दिवशी १०८ ने ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवा. बाळ बरोबरच द्या. घरच्यांना सांगायला कारण हवं असेल तर बाळंतिणीचा ताप किंवा रक्तस्राव यापेक्षा वेगळं काही शोधायची गरज नाही.

नोंद कुठे करायची, कुठे नाही

माता-बाल संरक्षण कार्डावर याबद्दल एक अक्षरही लिहू नका. ते कार्ड घरात असतं, सासू वाचते, नवरा वाचतो. महिला हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून देण्यातही तोच धोका आहे. १८१ हा आकडा छोटा आहे, तो पाठ करून घ्या. आशाताईच्या हातात फिरणाऱ्या वहीतही नोंद नको. उपकेंद्रात कुलुपात राहणारी वेगळी नोंद ठेवा: तारीख, वेळ, जखम शरीराच्या कुठल्या भागावर, किती सेंटिमीटर, रंग कुठला, आणि तिचे शब्द जसेच्या तसे. 'नवऱ्याने काल रात्री लाकडाने डाव्या दंडावर मारले असे सांगते' हे वाक्य कोर्टात उपयोगी पडतं. 'घरगुती वाद' या दोन शब्दांचा कुणालाच उपयोग नाही.

दिसणारी जखम असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्या. कायद्याखालच्या नियमांप्रमाणे तिने आधी तक्रार केलेली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. घटना अहवाल, म्हणजे हिंसेची अधिकृत नोंद, भरलेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने नमुना १ मध्ये तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) पाठवायचा असतो, आणि तपासणी अहवालाची प्रत तिला मोफत मिळते. ती प्रत घरी नेणं धोक्याचं असेल तर केंद्रातच ठेवा.

कुणाकडे पाठवायचं

नावं आणि नंबर आधीच गोळा करून ठेवा. गरज पडते त्या दिवशी शोधाशोध करायला वेळ नसतो. तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, कुठल्या इमारतीत बसतात, फोन उचलतात का, हे एकदा स्वतः जाऊन बघा. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येतं, समुपदेशन आणि कायदेशीर मदत मिळते. मुली कुठल्याही वयाच्या आणि लहान मुलगे बरोबर राहू शकतात, म्हणजे बाळाचा प्रश्न येत नाही. काही पोलीस ठाण्यांत महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असतो. हे काम १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालं. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत हिंसा सोसणाऱ्या बायकांना मदत करणारा 'दिलासा' विभाग आहे. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१००. बाईचं उत्पन्न कितीही असलं तरी तिला वकील मोफत मिळतो. तातडीला ११२.

तिला कायद्यातल्या या गोष्टी साध्या भाषेत सांगा. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथून असंच हाकलता येत नाही. न्यायदंडाधिकारी मारहाणीला मनाई, राहण्याची सोय, खर्च आणि बाळाचा तात्पुरता ताबा असे आदेश देऊ शकतात, आणि तातडी असेल तर समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश देता येतो. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. 'बाळ इथेच राहील' या धमकीला उत्तरही द्या: हिंदू कुटुंबांना लागू असलेल्या कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. हे कळल्यावर बायकांचा चेहरा बदलतो. कोर्टात वेळ लागतो हेही सांगून टाका. खोटी आशा लावली तर ती पुन्हा तुमच्याकडे येणार नाही.

कायद्याप्रमाणे कुणीही सद्‌भावनेने संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं आणि त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही. तरी तिच्या संमतीशिवाय देऊ नका. अपवाद आहेत: जिवाला तातडीचा धोका, बाळाला इजा, आणि आई स्वतः १८ वर्षांखालची असणं. तिसऱ्या बाबतीत पोक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन सुरुवातीला कुणालाही देऊ नका. अजून सरकता न येणाऱ्या बाळाच्या अंगावरचा कुठलाही काळा-निळा डाग डॉक्टरांना दाखवा. मुलांसाठीचा नंबर १०९८ आहे.

गावातल्या तंटामुक्ती समितीकडे किंवा सरपंचांकडे हे प्रकरण नेऊ नका. तिथे समझोता होतो, नवरा सगळ्यांसमोर हात जोडतो आणि घरी गेल्यावर त्या अपमानाचा वचपा तिच्यावर निघतो. तुम्ही स्वतः नवऱ्याला समजावायला जाणं हाही त्यातलाच प्रकार. बाईने तोंड उघडलं, हे त्याला त्याच क्षणी कळतं.

घरात राहूनच करायची तयारी

बहुतेक जणी लगेच निघत नाहीत. त्यांच्याबरोबर बसून पुढचं ठरवा. भांडण सुरू झालं की स्वयंपाकघरात जायचं नाही. तिथे विळी, चूल, रॉकेल असतं. कोंडून घेता येईल अशा खोलीतही नाही. बाहेर निघायचा रस्ता असलेल्या खोलीकडे सरकायचं, बाळ कडेवर. शेजारच्या एका भरवशाच्या बाईशी खूण ठरवायची: मोठ्याने ठरावीक नावाने हाक मारली की तिने ११२ ला फोन करायचा.

माहेरी किंवा त्या शेजारणीकडे एक पिशवी: तिचं आणि बाळाचं आधार, बाळाचा जन्मदाखला, पासबुक, शिधापत्रिकेची आणि लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स, दागिन्यांची यादी, एसटीच्या भाड्यापुरते सुट्टे पैसे, बाळाचे दोन दिवसांचे कपडे. मूळ कागद एकदम गायब झाले तर संशय येतो, म्हणून आधी झेरॉक्स काढा, मूळ कागद निघताना घ्यायचे. कागदांचे फोटो तिच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. भावाला पाठवून लगेच पुसून टाका. तिला फोन करायचा झाला तर दुसऱ्या कुणी उचलला असं धरूनच बोला: "बाळाच्या लसीची तारीख सांगायची होती." ती बोलू शकत नसेल तर काय म्हणेल तेही आधी ठरवा, जसं "बाळ झोपलंय, नंतर करा".

पुढचं गर्भारपण तिच्या हातात

लगेच दुसऱ्यांदा दिवस राहणं हा त्या घरात बाईला बांधून ठेवण्याचा नेहमीचा मार्ग असतो. नवरा साधन वापरू देत नसेल तर तिला लपवता येईल असं साधन सुचवा. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी असतं आणि अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर देता येतं. त्याने पाळी अनियमित होते आणि ते घरात लक्षात येऊ शकतं, हे मात्र आधीच सांगा. छाया गोळ्या स्तनपानात चालतात, पण पाकीट सापडण्याची भीती असते. त्या तुमच्याकडे ठेवून दिल्या तर पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा उपकेंद्रात यावं लागतं, आणि ते सगळ्यांना जमत नाही. जबरदस्तीच्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी द्या. सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, हेही तिला माहीत असायला हवं.

मनाची तपासणी

गोव्यातल्या आयांवरच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. त्यामागच्या कारणांत नवऱ्याशी बिघडलेले संबंध, गरिबी आणि मुलगी होणं ही होती. मार खाणाऱ्या बाळंतिणीला म्हणूनच सरळ विचारा: "जीव नकोसा वाटतो का? स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल आणि कसं, कधी हेही तिने ठरवलं असेल, तर तिला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं.

पुढच्या भेटी

ती निघाली आणि महिन्याने परत त्याच घरात आली, असं खूपदा होतं. रागावू नका. पुढच्या भेटीला जा, बाळाचं वजन करा, आणि ते सहा प्रश्न पुन्हा विचारा. मागच्या वेळची उत्तरं आज तशीच असतील असं नाही. घरात नवरा दारू पिऊन बसला असेल तर उंबऱ्यावरूनच "उद्या येते" म्हणून परत फिरा, एकट्या आत जाऊ नका, आणि अंधार पडल्यावर त्या वस्तीवर जाणं टाळा. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर छोट्या बाळांच्या गृहभेटी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याला असतात. त्या घरासाठी त्या तारखा स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा. बदली झाली तर नव्या आरोग्यसेविकेला त्या घरी बरोबर घेऊन जा, आणि बाळंतिणीने मान डोलावली तरच तिला बाकीचं सांगा.